वडापावच्या गाडीवरचा बोलका डबा

संध्याकाळी कुठल्याही स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीकडे बघा. बोटं बेसनाने बरबटलेली, कढईत घाणा चालू, समोर पाच-सहा गिऱ्हाइकं. गाडीवाला फोनकडे बघतसुद्धा नाही. कोपऱ्यातला डबा ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ म्हणतो आणि दोन वडापाव कागदात बांधले जातात.

5जी आणि एआयवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. पण छोट्या धंद्याला अलीकडे सगळ्यात जास्त कामी आलेलं संपर्क तंत्रज्ञान, माझ्या मते, हा साउंडबॉक्स आहे. आणि त्याला वेगवान इंटरनेट लागतच नाही.

आधी गाडीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडबद्दल. जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी तो 1994 मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्यात माहिती अशा रीतीने भरलेली असते की काही भाग खराब झाला तरी उरलेल्या भागातून ती पुन्हा जुळवता येते. सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे 30 टक्के नुकसान चालतं. म्हणून तेलाचे डाग पडलेला कोडही बिनतक्रार स्कॅन होतो. गाडीवरच्या कोडमध्ये रक्कम नसते. असतो मुख्यतः विक्रेत्याचा यूपीआय पत्ता आणि नाव.

गिऱ्हाइकाने पिन टाकला की विनंती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेत जाते. तिथून एका बँकेला पैसे वजा करायला आणि दुसरीला जमा करायला सांगितलं जातं. दोन्हीकडून होकार आला की साउंडबॉक्सवाल्या कंपनीच्या सर्व्हरला खबर मिळते. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयवर 2000 कोटींहून जास्त व्यवहार एका महिन्यात झाले.

आता शेवटचा टप्पा, सर्व्हरपासून डब्यापर्यंतचा. डब्यात सिमकार्ड असतं. ‘काही आलं का?’ असं तो सतत विचारत बसला, तर बॅटरी आणि डेटा दोन्ही वाया जातील. त्याऐवजी तो सर्व्हरशी एकच जोडणी उघडी ठेवतो आणि खबर आली की बोलतो. अशा कामासाठी एमक्यूटीटी नावाची पद्धत सर्रास वापरतात. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी ती 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी बनवली. तिथली माहिती महागड्या उपग्रह जोडणीवरून यायची, त्यामुळे निरोप शक्य तितका हलका हवा होता. या पद्धतीत निरोपाचा शीर्षभाग, म्हणजे मजकुराआधी जोडलेली तांत्रिक माहिती, अवघ्या 2 बाइटांचाही असू शकतो. मोबाइलवर पाठवलेला एक साधा फोटो लाखो बाइटांचा असतो, यावरून अंदाज यावा.

साध्या डब्याकडे आवाजही पाठवला जात नाही, फक्त आकडा येतो. आवाजाचे तुकडे डब्यातच साठवलेले असतात. इंग्रजीत 1 ते 99 बोलायला 27 तुकडे पुरतात. मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर यांतला प्रत्येक उच्चार वेगळा, म्हणजे 99 तुकडे हवेत!

धंद्यात याने काय बदललं? गल्ल्यावर बहुतेक वेळा नोकर पोरगा असतो आणि पैसे मालकाच्या खात्यात जातात. पूर्वी पोराला दर वेळी मालकाला फोन करून खात्री करावी लागे. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारेही होते. डबा बोलल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा नियम पोराला एका वाक्यात सांगता येतो. फक्त नेटवर्क गेलं तर डबा गप्प राहतो आणि पैसे मात्र जमा झालेले असतात. अशा वेळी गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा पैसे भरायला लावण्याआधी खातं तपासावं.

असेच हलके निरोप शेतातल्या पंपाचे मोबाइल स्टार्टर आणि दूध संकलन केंद्रातल्या शीतटाक्यांचं तापमान कळवणारी यंत्रं पाठवतात. रात्री टाकीचं तापमान चढलं, हे तेव्हाच कळलं तर दूध वाचतं.

गाडीवाल्याच्या दृष्टीने मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. त्याच्याकडे तारण नसतं, पण रोजच्या विक्रीची नोंद आता बँक खात्यात असते. 2021 मध्ये सुरू झालेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेतून तो संमती देऊन ही नोंद कर्ज देणाऱ्याला दाखवू शकतो. संमती कशासाठी आणि किती काळ, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ती मागेही घेता येते. अर्ज भरून घेणाऱ्या माणसाने एवढं तरी त्याला मराठीत समजावून सांगायलाच हवं.