विजेच्या तारांची खरखर (रेडिओतला व्यत्यय)

गल्लीतल्या खांबावर किंवा ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाईनवर एखादा जोड सैल होतो, तिथे बारीक ठिणगी उडत राहते आणि आसपासच्या रेडिओत सतत खर्रर्र असा आवाज येतो, त्याला ही खरखर म्हणतात. मिडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकणारे आणि हॅम रेडिओवाले (हौसेने वायरलेसवर बोलणारे) यांना हा त्रास सगळ्यात जास्त. एफएमवाल्यांना फारसा कळतच नाही, कारण ठिणगीने मुख्यतः लहरीची उंची हलते आणि एफएम सेट उंचीकडे लक्षच देत नाही. डीटीएच तर गिगाहर्ट्झमधे चालतं, तिथवर ही भानगड सहसा पोचत नाही.

सगळे पहिला संशय घेतात डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर), कारण ती कानाला घुंघुं करताना ऐकू येते. पण ती घुंघुं म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या लोखंडी पत्र्यांची थरथर, सेकंदाला १०० वेळा, आणि ती रेडिओत जात नाही. ट्रान्सफॉर्मर स्वतः क्वचितच दोषी असतो, त्याच्या बुशिंगवरचं (तार आत जाते तिथल्या चिनीमातीच्या नळीवरचं) कनेक्शन सैल असेल तर गोष्ट वेगळी.

खरी गडबड असते ती किरकोळ वाटणाऱ्या सामानात. पिन इन्सुलेटरला (तार खांबापासून वेगळी ठेवणाऱ्या चिनीमातीच्या लट्टूला) तार बांधलेली बाइंडिंग वायर ढिली पडते, जंपर (दोन तारा जोडणारा छोटा तुकडा) किंवा डीओ फ्यूजचा (उडाला की खाली लटकणाऱ्या फ्यूजचा) संपर्क गंजतो, चिनीमातीच्या इन्सुलेटरला केसाएवढी चीर जाते, किंवा दोन लोखंडी तुकडे एकमेकांना टेकतात न टेकतात असे राहतात. हा शेवटचा प्रकार तर फारच फसवा, कारण तो तुकडा कुठल्या तारेला जोडलेला असायलाच हवा असं नाही, लाईनच्या विद्युत क्षेत्रात नुसता लटकत असला तरी त्याच्यावर विद्युतभार साठतो आणि तो भार फटीवरून उडी मारतो. लटकत्या डिस्क इन्सुलेटरची साखळी जिथे ढिली आहे, ताण कमी आहे, तिथे हुकांमधे गंज बसून हेच होतं. हवेत १ मिमी फट तुटायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात, फट त्याहून लहान असली की काम आणखी सोपं. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रत्येक अर्ध्या फेरीला एक याप्रमाणे सेकंदाला १०० झटके बसतात, आणि लांबलचक तार त्यांना अँटेनासारखी पसरवते, मिडियम वेव्हवर तर कधी कधी किलोमीटरभर. जुन्या अँटेनावाल्या टीव्हीवर ठिपक्यांचे दोन आडवे पट्टे हळूहळू वर सरकायचे ते बहुतेक वेळा ह्याचंच काम, चित्र सेकंदाला ५० वेळा आखलं जायचं म्हणून पट्टे बरोब्बर दोन.

हवामानाचं गणित उलटं आहे. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसात खरखर वाढते आणि पाऊस आला की बऱ्याचदा गप्प होते, कारण पाणी फट भरून काढतं, सांधा सुधारलेला मात्र नसतो. उच्चदाबाच्या मोठ्या टॉवरवरचा कोरोना (तारेभोवतीच्या हवेतच वीज झिरपून होणारी चरचर) मात्र ओल्या हवेत वाढतो. कोकण किनाऱ्यावर तिसराच प्रकार, खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मीठ बसतं, पहाटेच्या दवाने ते ओलं होतं आणि पृष्ठभागावरून करंट सरपटत ठिणग्या पाडतो, चांगला सणसणीत पाऊस झाला की सगळं धुऊन निघतं.

शोधायला खिशातला मिडियम वेव्हचा रेडिओ पुरतो, स्टेशन नसलेल्या जागी काटा लावायचा आणि चालायचं. पण तारेवर लहरी परावर्तित होऊन काही खांबांपाशी आवाज उगाच मोठा येतो, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज जिथे तोच खांब दोषी असं लगेच धरू नये. जाणकार लोक जितक्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर अजून ऐकू येतं तितकं वर जातात, विमानांच्या ११८ ते १३६ मेगाहर्ट्झच्या बँडवर एएम रिसीव्हर आणि यागी (एकाच दिशेचं नीट पकडणारी) अँटेना घेऊन, कारण तिथे ऐकू येणारी ठिणगी जवळचीच असते. अमेरिकेत काही हौशी लोक लाकडी खांबाला हातोडा मारून बघायचे म्हणे, असले उद्योग करू नयेत, ताणतारेलाही (खांबाला आधार देणाऱ्या तिरक्या तारेलाही) हात लावू नये.

आणि आधी स्वतःच्या घरातला मेन स्विच बंद करून बॅटरीवरच्या रेडिओने ऐकावं. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, मोबाईलचा चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर हेही भरपूर घाण करतात, फक्त त्यांचा आवाज जास्त एकसारखा असतो. वेल्समधल्या अॅबरहोसान गावात दीड वर्षं रोज सकाळी ७ ला ब्रॉडबँड पडायचं, केबल बदलून पण उपयोग झाला नाही, शेवटी २०२० मधे कळलं की एका घरातला जुना टीव्ही चालू केला की व्यत्यय येतोय.

इलाज साधाच, जोड घट्ट करायचा, तडकलेला इन्सुलेटर बदलायचा. तक्रार वीज कंपनीकडे किंवा १९१२ वर, खांबाचा नंबर देऊन करायची. "रेडिओ खरखरतो" एवढ्यावर लाईनमन येईलच याची खात्री नाही, रात्री अंधारात खांबावर ठिणगी दिसत असेल तर तेच आधी सांगावं, कारण तोच सैल जोड पुढे तापून जळतो आणि अख्ख्या गल्लीची लाईट जाते.