बायपासआधी पायाच्या शिरांची सोनोग्राफी : पार्श्वभूमी

बायपास शस्त्रक्रियेत पायाची शीर काढून हृदयावर जोडण्याची पद्धत 1960 च्या दशकाच्या शेवटी रुळली. शीर चांगली आहे की नाही, हे तेव्हा पाय उघडल्यावरच कळायचे. बारीक किंवा फाटे फुटलेली निघाली, तर तो पाय शिवून दुसरा उघडायचा. मधुमेही रुग्णाची ती लांब जखम छातीच्या जखमेपेक्षा जास्त दिवस छळायची.

1986 मध्ये छातीच्या आतल्या धमनीचा जोड जास्त टिकतो आणि रुग्णही जास्त जगतात, हे ठळकपणे पुढे आले आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. तीन-चार जोड असले की पायाची शीर लागतेच, तरी ती आधीच सोनोग्राफीने तपासण्याची फारशी कुणाला निकड वाटली नाही. ती वाटू लागली 1990 च्या दशकात, शीर दुर्बिणीतून काढायला सुरुवात झाल्यावर. छेद दोन बोटांएवढा असेल, तर आतली वाट आधीच ठाऊक हवी. दुर्बिणीने काढलेल्या शिरा लवकर बंद पडतात, अशी शंका 2009 मध्ये आली. 2019 च्या चाचणीत मात्र हृदयविकाराच्या मोठ्या घटनांमध्ये फरक दिसला नाही आणि पायाच्या जखमेचा त्रास कमी आढळला.

ठाणे जिल्ह्याला राज्याची मोफत उपचारांची जीवनदायी योजना 2013 मध्ये लागू झाली. एरवी बायपाससाठी मुंबईत परळच्या रुग्णालयांची वाट धरणाऱ्या अनेकांना ठाण्यात, वाशी-नेरुळला खाट मिळू लागली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात जन्मभर उभ्याने काम केलेल्यांच्या पायांत फुगलेल्या शिरा नवलाच्या नाहीत. अशा पायावर अंदाजाने चीर देणे म्हणजे जुगारच.

तरीही खरा अडसर तंत्राचा नव्हता. प्रोब, म्हणजे सोनोग्राफी मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, कुणी धरायचा, हा होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याने 1988 मध्ये आणि केंद्राने 1994 मध्ये कायदा केला. त्याची गरज महाराष्ट्राला तरी पटवून द्यायला नको. पण प्रत्यक्षात त्याच्या नोंदणीत प्रत्येक सोनोग्राफी मशीन येते, मग ते पायावर फिरवायचे असो की पोटावर. 2012 च्या दुरुस्तीने हलवता येणारे मशीन नोंदलेल्या जागेतच, भरती रुग्णांसाठी (किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात) वापरायचे ठरले. 2014 ला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची अट आली. ती पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीची, तरी हृदयशल्यचिकित्सकांनी तिचा धसका घेतला. 2016 मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने अटीला धक्का दिला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. या घोळात लहान केंद्रांनी सोपा मार्ग धरला: रेडिओलॉजिस्टला चिठ्ठी लिहायची, नाहीतर तपासणीच वगळायची.

चिठ्ठीवर होते ती तपासणी बहुधा पायात गुठळी आहे का, एवढ्यापुरती. शल्यचिकित्सकाला हवे ते वेगळेच असते: शीर कुठे दुभंगते, भिंत जाड झाली आहे का, व्यास किती. साधारण 2 मिलिमीटरच्या आतली शीर टाळतात, 5-6 च्या वर फुगलेलीही नको असते. शिवाय थंड खोलीत आडवे झोपवून मोजली, तर चांगली शीरही आकसलेली दिसते. पाय खाली सोडायला हवा किंवा मांडीला पट्टा बांधायला हवा. मानेच्या शिरेत नळी टाकण्यासाठी भूलतज्ज्ञाचे नोंदलेले सोनोग्राफी मशीन आता बहुतेक शस्त्रक्रियागृहांत असते. पाय धुऊन झाकण्याआधी तेच मांडीवर फिरवून पेनाने रेघ ओढायला दहा मिनिटे पुरतात, आणि ती रेघ चीर देणाऱ्यानेच ओढलेली बरी.