इंजिन खोलकामातील स्वच्छता (बेळगाव सीमाभाग)

मोटारीचे इंजिन दुरुस्तीसाठी खोलल्यापासून ते पुन्हा बांधून सुरू होईपर्यंत त्यात धूळ, वाळूचे कण, धातूचा कीस, कापडाचे धागे किंवा जुन्या पॅकिंगचे (सांध्यांत बसवायच्या गॅस्केटचे) तुकडे जाऊ नयेत म्हणून घ्यायची खबरदारी. बांधलेल्या इंजिनाची राखण एअर फिल्टर आणि ऑइल फिल्टर करतात. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवले की ती राखण संपते आणि सगळा भार मिस्त्रीच्या हातांवर येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीचशी इंजिने रस्त्याकडेच्या, तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये खोलली जातात. म्हणून इथे हा विषय फार महत्त्वाचा आहे.

क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारे मेन बेअरिंग यांच्यातली फट साधारण ०.०३ ते ०.०६ मिमी असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी. या फटीतल्या तेलाच्या पातळ थरावर क्रँक तरंगत फिरतो. बेअरिंगचा वरचा थर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. बारीक कण त्यात रुतून बसतो आणि क्रँक वाचतो. कण जरा मोठा असला तर मात्र रुतल्यावरही त्याचे डोके वर राहते आणि प्रत्येक फेऱ्याला ते क्रँकवर रेघ ओढते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यात सापडलेली वाळू तर पॉलिश पेपरचेच काम करते. सिलिंडरवर उभे ओरखडे उठतात, इंजिन ऑइल खाऊ लागते, निळा धूर येतो. हे सगळे दिसायला काही महिने जातात. तोवर खोलकामाचा दिवस कुणाच्या लक्षात राहत नाही आणि दोष ऑइलला किंवा ‘डुप्लिकेट’ रिंगांना दिला जातो.

या भागात माती दोन तऱ्हांची. पश्चिमेला खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती. उन्हाळ्यात ती वाऱ्यावर उडते आणि शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर तिचा थर बसतो. पूर्वेला कृष्णाकाठी काळी माती. ती चिखल होऊन इंजिनाच्या चेंबरला (तळाच्या तेलाच्या पात्राला) आणि नटबोल्टांना चिकटते, वाळून तिची खपली होते आणि पाना लावताच ती सुटून पडते. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यांवर ट्रॉल्यांची ये-जा वाढली की धुळीला खळ नसतो. मिस्त्री मराठी बोलणारा आणि हेल्पर कानडी, अशी जोडी इथे नेहमीची. मराठीत ‘धूळ’ आणि कन्नडमध्ये ‘धूळु’, त्यामुळे धुळीबद्दलची सूचना तरी दोघांना सारखीच कळते.

स्वच्छतेची सुरुवात पहिला बोल्ट सैल करण्याआधी होते. इंजिन बाहेरून धुऊन, पूर्ण वाळवून मगच आत घ्यावे. जागा आदल्या संध्याकाळी झाडावी. खोलायच्या दिवशी केर काढू नये, अंगणात घालतात तसा पाण्याचा सडा घालावा. खंडेनवमीला पाने धुऊन पुसून पूजेला मांडतात, तितकीच स्वच्छ हत्यारे दर खोलकामाला हवीत. प्लग किंवा इंजेक्टर काढण्याआधी त्यांच्या खळग्यांत हवा मारावी, कारण तिथे साचलेली माती प्लग निघताच सरळ सिलिंडरमध्ये उतरते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते खालच्या कॉकमधून आधी सोडून द्यावे. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) डिझेल गाडीत काळजी आणखी वाढवावी लागते. तिथे डिझेलचा दाब १६०० बार किंवा त्याहून वर जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात. म्हणून नळी सोडताक्षणी तिच्या तोंडाला टोपण लागलेच पाहिजे.

फडके ही वरवर साधी वाटणारी, पण नुकसान करणारी वस्तू. किलोवर मिळणारे ‘वेस्ट’ (टाकाऊ सुताचा गुंता) बाहेरचे तेल पुसायला ठीक. आत त्याचे धागे राहतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जमतात. जुन्या धोतराचे धुतलेले सुती कापड बरे. मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या) भोकांत कोंबलेले बोळे मोजून ठेवावेत आणि बांधताना तितकेच बाहेर आले का ते पाहावे. जुने पॅकिंग खरवडताना पॉलिश पेपर वापरू नये. त्याचे दाणे गारगोटीपेक्षाही कठीण असतात आणि ब्लॉकच्या तेलाच्या भोकांतून सरळ खाली जातात.

सर्वांत घातक घाण रस्त्यावरून येत नाही; ती लेथवरून, म्हणजे मशीनकामाच्या कारखान्यातून, येते, आणि नेमके तिथेच लोक निर्धास्त असतात. बेळगावात फाउंड्री आणि मशीनकामाचा मोठा व्यवसाय आहे. खानापूर रस्त्यावरचे उद्यमबाग हे त्याचे मुख्य ठिकाण. बोअर (सिलिंडर कातून मोठा करणे) आणि होनिंग (दगडाने आतून घासणे) करून आलेला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, चकचकीत दिसतो, पण होनिंगच्या तिरप्या रेघांत दगडाची भुकटी आणि लोखंडाचा कीस बसलेला असतो. रॉकेलने किंवा डिझेलने तो निघत नाही, जागच्या जागी पसरतो. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन सिलिंडर घासावा लागतो. मग स्वच्छ तेलात भिजवलेले पांढरे फडके आतून फिरवून पाहायचे. पहिल्यांदा ते शिसपेन्सिल घासल्यासारखे करडे होते, तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर पिवळसर. फडक्यावर नुसता तेलाचा रंग दिसला की सिलिंडर झाला. धुतलेल्या लोखंडावर काही मिनिटांत तांबूस गंज धरतो, म्हणून लगेच हवा मारून तेलाचा हात द्यावा. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांची बुचे काढून लांब ब्रशने आतली वाट साफ करावी. हे काम कंटाळवाणे आहे, आणि गिऱ्हाइकाची घाई असली की हेच सर्वांत आधी गाळले जाते.

इंजिन आठवडाभर उघडे राहणे इथे नवे नाही. सुटा भाग कोल्हापूरहून किंवा पुण्याहून यायचा असतो. तोवर ब्लॉक जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तोंड बांधावे. गोणपाट टाकू नये, त्याची कुसे झडतात. सुटे भाग झाकणाच्या डब्यांत ठेवावेत. हेडच्या बोल्टांची भोके बहुधा आरपार नसतात. त्यांत पाणी किंवा तेल राहिले तर बोल्ट आवळताना ते दाबले जाते आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते, म्हणून बांधण्याआधी ती कोरडी करावीत. सांधे बंद करायची सिलिकॉनची पेस्ट बारीक रेघेएवढीच लावावी. जास्त झालेली आत दाबली जाते, सुटते आणि ऑइल पंपाची जाळी बुजवते.

बांधलेल्या इंजिनाचे पहिले ऑइल लवकर बदलतात. काढलेला फिल्टर फेकण्याआधी कापून, आतल्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडून पाहाव्यात. चार-दोन बारीक चमकते कण नव्या रिंगांचे असतात. बोटाला खरखर लागली किंवा तांब्याच्या रंगाचा कीस दिसला, तर चेंबर पुन्हा उतरवावा लागतो.