पोटातल्या मुरड्यावरची गोळी: अँटिस्पास्मोडिक औषधांची पार्श्वभूमी

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा आजार. त्याच्या रुग्णाला सगळ्यात हैराण करतो तो मुरडा. तपासण्या ठीक येतात, आतड्याला सूज नाही, जखम नाही, तरी जेवण झालं की पोटात कळ येते. त्यासाठी लिहून दिल्या जाणाऱ्या अँटिस्पास्मोडिक, म्हणजे आतड्याचं आकसणं सैल करणाऱ्या, गोळ्यांचं मूळ बेलाडोना या विषारी वनस्पतीत आहे. तिच्यातलं अ‍ॅट्रोपिन 1830च्या दशकात वेगळं काढलं गेलं. आतड्याच्या स्नायूला आकसायला सांगणारा अ‍ॅसिटिलकोलिनचा (नसांमधून निरोप नेणाऱ्या रसायनाचा) निरोप ते अडवतं. पण हाच निरोप शरीरात इतरत्रही जातो, त्यामुळे तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, छातीत धडधडतं आणि मात्रा वाढली तर भ्रम होतो.

एकाच माणसाला कधी बद्धकोष्ठता, कधी जुलाब, हे कोडं कमिंग या डॉक्टरांनी 1849 मध्येच मांडलं होतं. पुढे या आजाराला ‘स्पास्टिक कोलन’ म्हणू लागले. मोठं आतडं आकसतं म्हणून दुखतं, हे जवळपास गृहीतच धरलं गेलं. मग आतडं सैल करणारं, पण बाकी शरीराला त्रास न देणारं औषध हवं, असा शोध सुरू झाला. 1950च्या सुमारास डायसायक्लोमिन आलं, पाठोपाठ हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. या दुसऱ्या औषधाच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असल्यामुळे ते मेंदूत फारसं शिरत नाही. आतड्यातून रक्तातही अगदी थोडंच जातं. 1960च्या दशकात आलेलं मेबेव्हेरिन थेट स्नायूवर काम करतं, म्हणून त्याने तोंड सहसा कोरडं पडत नाही.

या गृहीतकाला धक्का बसला 1973 मध्ये. रिची या संशोधकाने रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहानसा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. जेवढ्या फुगवट्याने निरोगी माणसांपैकी क्वचितच कोणाला दुखलं, तेवढ्यानेच निम्म्याहून अधिक रुग्ण कळवळले. म्हणजे दोष केवळ आकसण्यात नव्हता, आतड्याची संवेदनाच तीव्र झालेली होती. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग आहे. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकत आलेल्या माणसांचं दुखणं त्यातून डोळ्यांना दिसलं.

तरीही औषधं टिकली, कारण कळ थोडी तरी कमी होत होती. ती नेमकी किती, हे ठरवणं अवघड, कारण आयबीएसमध्ये नुसत्या साखरेच्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. 2008 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या औषधांच्या 22 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात 1,778 रुग्ण होते. साधारण 5 जणांना औषध दिलं, तर त्यांतल्या एकाला औषधामुळे फायदा होतो, असा हिशेब निघाला. पेपरमिंट तेलाचा आकडा याहून चांगला होता, पण त्याच्या चाचण्या अवघ्या 4. बऱ्याच चाचण्या जुन्या आणि छोट्या असल्याने तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. अमेरिकेतल्याच दोन संस्थांपैकी एकीने 2021 मध्ये तिथे मिळणारी ही औषधं देऊ नयेत असं सुचवलं, तर दुसरीने 2022 मध्ये ती वापरावीत असं.

वापरताना एक भेद पाळावाच लागतो. ही औषधं दुखण्यासाठी आहेत, शौचाची सवय सुधारण्यासाठी नाहीत. बेलाडोनाच्या पठडीतली औषधं बद्धकोष्ठता वाढवू शकतात. काचबिंदू असेल किंवा लघवी अडत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं.