चिरंतन पुनरावर्तन

आपण जगतो तेच आयुष्य, तिळमात्र फरक न होता, अनंत वेळा पुन्हा जगावे लागेल, ही तत्त्वज्ञानातील कल्पना. जग ठरावीक चक्रात फिरते असे प्राचीन ग्रीसमधले स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ मानीत. पण आज हे नाव निघाले की आठवतो तो जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिख नीत्शे. ऑगस्ट 1881 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिल्स मारिया येथे मुक्कामी असताना, सिल्व्हाप्लाना सरोवराकाठच्या एका मोठ्या खडकापाशी ही कल्पना त्याला सुचली. पुढच्याच वर्षी त्याने ती एका सैतानाच्या तोंडी घातली आणि तिला सर्वांत जड ओझे म्हटले. हे ऐकून तू दातओठ खाशील की हरखून जाशील, हा त्याचा खरा सवाल.

पैठण, आपेगाव, नर्सी, गंगाखेड अशी संतांची गावे ज्या भागात आहेत, त्या मराठवाड्यातल्या वाचकाला चौऱ्यांशीचा फेरा आठवणारच. साम्य वरवरचे आहे. त्या फेऱ्यात कर्माप्रमाणे पुढचा जन्म बदलतो आणि मोक्षाची वाटही असते. नीत्शेच्या चक्रात दोन्ही नाही. वटपौर्णिमेला सात जन्म तोच नवरा मागतात, तेच आयुष्य नव्हे. भांडणेसुद्धा शब्दाला शब्द तीच, असे कळले तर वडाला सूत किती जणी गुंडाळतील कोण जाणे!

मग हे ओझे का? बीडकडची ऊसतोड पाहावी. दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली टोळी निघते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तो बुडखा छाटतो, ती पाचट काढून मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. हा फेरा जड होतो, कारण गेल्या वर्षीचे आठवते आणि देणे साचते. नीत्शेच्या चक्रात आठवण नाही, म्हणजे कंटाळाही साचत नाही. दर खेपेची मोळी पहिलीच. तेव्हा पुन्हा जगण्याचा भार शून्य. भार आहे तो आज होकार देण्याचा.

वस्तू मोजक्या आणि काळ अनंत, म्हणून विश्वात असे खरोखर घडलेच पाहिजे, हा दावा लंगडा आहे. तीन चाकांच्या वेगांचे प्रमाण नेमके निवडले, तर एकदा एका रेषेत आलेल्या त्यांच्या खुणा पुन्हा कधीच तशा जुळणार नाहीत, हे जर्मन तत्त्वज्ञ गेओर्ग झिमेलने 1907 मध्ये दाखवले.

एका आनंदाला हो म्हटले की सगळ्या दुःखालाही हो म्हटल्यासारखे, असे नीत्शे मानतो. लातूर-धाराशिवच्या सीमेवर हे अडते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंपाने दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. वाचलेला एखादा आपले दुःख पुन्हा सोसायला तयार होईलही. ढिगाऱ्याखालच्या लेकराच्या वतीने होकार कोणी द्यायचा, याचे उत्तर नीत्शेकडे सापडत नाही.