पचनसंस्था, मानवी

तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा सलग अन्नमार्ग आणि त्यात स्राव सोडणाऱ्या लाळग्रंथी, यकृत व स्वादुपिंड मिळून पचनसंस्था होते. अन्न बारीक करणे, त्यातील मोठे रेणू तोडणे, तयार झालेले लहान रेणू रक्तात व लसीकेत (लिम्फमध्ये) घेणे आणि उरलेले बाहेर टाकणे ही तिची कामे. लोकसमज पचनाचे श्रेय जठराला देतो. प्रत्यक्षात जठर पूर्ण काढलेला रुग्ण थोडे थोडे खाऊन आणि ब१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेऊन जगतो. लहान आतडे गेले तर शिरेतून पोषण द्यावे लागते. म्हणून या नोंदीत भर आतड्यावर आहे. उदाहरणे इंदूरच्या मराठी घरांतील खाण्यातून घेतली आहेत.

तोंड, ग्रसिका व जठर : लाळ दिवसाला सुमारे १ ते १.५ लिटर सुटते. तिच्यातील अमायलेज हे एंझाइम पीएच ७ च्या आसपास स्टार्च तोडते. जठरातील आम्ल घासाच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर हे काम तिथेही काही वेळ चालू राहते. वाफेवर ठेवलेल्या इंदुरी पोह्यांतले स्टार्चचे कण फुगलेले असल्याने त्यांत एंझाइम सहज शिरते. साबुदाण्याची खिचडीही जवळजवळ निव्वळ स्टार्चच. तिला जठरात थोपवून धरतो तो दाण्याच्या कुटातील व तुपातील स्निग्धांश.

ग्रसिका सुमारे २५ सेंमी. लांब असते. क्रमसंकोचाच्या (स्नायू वरून खाली एकामागून एक आवळण्याच्या) लाटेने घास साधारण ८ ते १० सेकंदांत खाली उतरतो. तिच्या तळाचे स्नायुवलय घास उतरताना सैल पडते व लगेच आवळते. हे वलय ढिले राहिले की आम्ल वर येऊन छातीत जळजळते. स्निग्ध पदार्थ, तंबाखू व मद्य वलय सैल करतात आणि भरलेले जठर खालून दाब देते. इंदूरच्या सराफा या रात्रीच्या खाऊबाजारात मध्यरात्री गराडू (तळलेला कंद), जिलबी खाऊन लगेच आडवे होणाऱ्याच्या बाबतीत ही कारणे एकत्र येतात. जेवण व झोप यांत २ ते ३ तासांचे अंतर, डाव्या कुशीवर झोपणे आणि खाटेची उशाकडची बाजू १५ ते २० सेंमी. उचलणे यांनी त्रास कमी होतो. नुसत्या जास्त उशा घेतल्या तर पोट दुमडते व दाब वाढतो.

जठरात जेवणानंतर १ ते १.५ लिटर मावते. त्यातील पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल, पेप्सिनोजेन आणि ब१२ च्या शोषणाला लागणारा आंतरिक घटक स्रवतात. आम्लात पेप्सिनोजेनचे पेप्सिन होऊन प्रथिने तुटू लागतात. मिनिटाला सुमारे ३ लाटा अन्न घुसळतात, आणि साधारण २ मिमी. पेक्षा बारीक झालेलेच कण निर्गमद्वारातून पुढे जातात. पाणी लवकर निघून जाते, मिश्र जेवणाला ३ ते ४ तास लागतात. तुपात बुडवलेल्या बाफल्यांना (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना) त्याहून अधिक वेळ लागतो, कारण आतड्यात चरबी पोचताच कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटून जठर मंदावते. तेच संप्रेरक पित्ताशयाला आकुंचित करते. पित्ताशयात खडे असलेल्या माणसाला दाल-बाफल्यांच्या पंगतीनंतर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि ती उजव्या खांद्याकडे जाते, ती यामुळे.

ग्रहणीविषयी मतभेद : आयुर्वेदात अग्नीचे, म्हणजे पचनशक्तीचे, स्थान ग्रहणी मानले आहे. चरकसंहितेनुसार (तिचा काळ साधारणपणे इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक असा धरतात, संस्करणे नंतरही झाली) ती नाभीच्या वर असून कच्चे अन्न धरून ठेवते व पक्व झालेले पुढे सोडते. सुश्रुतसंहिता आमाशय (कच्च्या अन्नाची जागा) व पक्वाशय (पचलेल्या अन्नाची जागा) यांमधील पित्तधरा कलेला, म्हणजे पित्त धारण करणाऱ्या आवरणाला, ग्रहणी म्हणते. आधुनिक मराठी शरीररचनेत हा शब्द लहान आतड्याच्या पहिल्या सुमारे २५ सेंमी. भागापुरता रूढ झाला. पित्त व स्वादुरस तेथेच मिसळतात, त्यामुळे हे समीकरण सोयीचे आहे. तरी संहितांतील कार्यवर्णन आणि ग्रहणीरोगाची लक्षणे पाहता काही अभ्यासक संपूर्ण लहान आतडे घेतात. ते अधिक सयुक्तिक वाटते.

लहान आतडे : त्याच्या लांबीबद्दल ग्रंथांत एकवाक्यता नाही. शवविच्छेदनात ती ६ ते ७ मी. भरते, जिवंत माणसात नळी घालून मोजल्यास जेमतेम ३ मी. मृत्यूनंतर स्नायूंचा ताण जातो व आतडे सैलावते. उलट नळीवर ते चुण्या पडून गोळा होते. शस्त्रक्रियेच्या वेळी केलेली मोजमापे सुमारे ६ मी. सरासरी देतात, मात्र माणसागणिक ती ३ पासून १० मी. पर्यंत बदलते. या मापांवर अधिक विसंबता येते. शल्यविशारदाला किती कापले यापेक्षा किती उरले ते महत्त्वाचे : २ मी. पेक्षा कमी उरल्यास पोषण अपुरे पडण्याचा धोका असतो.

पृष्ठफळाचेही तसेच. घड्या, बोटांसारखे उद्वर्ध आणि पेशींवरचे सूक्ष्मउद्वर्ध धरून ते २०० ते ३०० चौ. मी. असल्याचे पाठ्यपुस्तके सांगत आली. २०१४ मध्ये हेलंडर व फेंड्रिक्स यांनी संपूर्ण अन्नमार्गाचे पृष्ठफळ सुमारे ३२ चौ. मी. काढले, पैकी मोठ्या आतड्याचे सुमारे २. जुना आकडा अजून छापला जातो, पण नवा स्वीकारावा.

स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस जठरातून आलेले आम्ल मारतो व त्यातील एंझाइमे स्टार्च, प्रथिने, चरबी तोडतात. पित्त चरबीचे बारीक थेंब करते. शेवटचे तोडकाम उद्वर्धांवरच्या पेशी करतात. तेथील लॅक्टेज हे दुग्धशर्करा तोडणारे एंझाइम बऱ्याच भारतीय प्रौढांत कमी होते. मग दुधाची गोड इंदुरी शिकंजी प्यायल्यावर न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात जाते, जीवाणू ती आंबवतात आणि गुबारा धरतो. दह्यातली शर्करा जीवाणूंनी आधीच काही अंशी खाल्लेली असल्याने ते सोसते.

दिवसाला सुमारे २ लिटर प्यालेले आणि ७ लिटर स्रावांचे, असे ९ लिटर पाणी आतड्यात येते. विष्ठेतून जेमतेम १०० ते २०० मिलि. जाते. हगवणीत हा हिशेब बिघडतो. पटकीतही (कॉलऱ्यातही) सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारी वाहक यंत्रणा शाबूत राहते आणि त्यांच्यामागून पाणी येते. याच आधारावर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-ग्लुकोजचे द्रावण वापरले. घरी करायचे तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. साखर वाढवली तर ती आतड्यात पाणी ओढून हगवण वाढवते. मीठ वाढवणे लहान मुलांना घातक.

नियंत्रण : रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी स्रावांचे नियंत्रण मज्जातंतूंकडे असल्याचे मांडले. जानेवारी १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आतड्याचे तंतू तोडूनही, आम्ल पोचताच स्वादुरस सुटतो हे दाखवले व त्यामागील द्रव्याला सिक्रेटिन म्हटले. आज दोन्ही मार्ग मान्य आहेत. कढईतल्या जिलबीच्या वासाने सुटणारी लाळ पहिल्यातली, पोट भरल्यानंतरचे स्वादुरसाचे काम बव्हंशी दुसऱ्यातले.

मोठे आतडे : लांबी सुमारे १.५ मी. येथे पाणी व क्षार शोषले जातात आणि जीवाणू तंतुमय अंशापासून लघुशृंखल मेदाम्ले बनवतात. जीवाणू शरीरपेशींच्या दहापट असतात हे विधान २०१६ नंतर मागे पडले. संख्या साधारण सारखीच भरते. आंत्रपुच्छात (अपेंडिक्समध्ये) लसीकाभ, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे, ऊतक पुष्कळ असते. त्याच्या नेमक्या उपयोगावर वाद आहे.

विकार : जठर व ग्रहणी यांतील व्रणांचे खापर पूर्वी तिखट व काळजी यांवर फुटे. १९८२ मध्ये मार्शल व वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू वेगळा केला (नोबेल २००५). पुष्कळ व्रण त्याच्यामुळे होतात. उरलेल्यांपैकी बहुतेक वेदनाशामक गोळ्यांचे. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) व्रण करत नाही, असलेला झोंबवते. काळी, डांबरासारखी विष्ठा, घास अडकणे, अकारण वजन घटणे यांपैकी काही आढळल्यास आम्लनाशकावर वेळ न काढता दुर्बिणीची तपासणी करावी. छातीतील जळजळीसोबत घाम किंवा डाव्या हातात कळ असेल तर आधी हृदयाचा आलेख काढतात.