सापाचे डोळे निळे होतात तेव्हा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास भाच्याचा फोटो आला. कोथरूडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये काचपेटीत एक बॉल पायथन आहे, त्याच्या डोक्याचा अगदी जवळून काढलेला फोटो. एरवी काळ्या मण्यांसारखे दिसणारे डोळे दुधात नीळ मिसळावी तसे झालेले. अंगावरची चॉकलेटी-पिवळी नक्षी राख फासल्यासारखी फिकी पडलेली. खाली प्रश्न होता, "मावशी, याला मोतीबिंदू झालाय का गं? दोन दिवस बाहेरच येत नाहीये."

मोतीबिंदू नव्हता. साप कात टाकायच्या तयारीत होता. मी त्याला कळवलं, "हात लावू नकोस, खायला देऊ नकोस आणि पेटीतला आर्द्रतामापक किती दाखवतोय ते सांग." उत्तर आलं, २८ टक्के. काळजी करायची होती ती या आकड्याची, डोळ्यांची नव्हे.

बॉल पायथन हा आपल्या अजगराचा आफ्रिकेतला धाकटा चुलतभाऊ. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात तो राहतो. बिनविषारी, लांबी साधारण तीन ते पाच फूट. घाबरला की डोकं मधे घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. स्वभावाने शांत असल्यामुळे जगभर पाळला जातो. तो वीस-तीस वर्षं सहज जगतो, हे मात्र घरी आणण्याआधी लक्षात घेतलं जात नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाची साठी उलटून गेल्यावर, सात अंडी घातली. तेही पंधराहून अधिक वर्षं नराशी संबंध न येता. म्हणजे हा साप मुलांच्या शिक्षणापासून त्यांच्या लग्नापर्यंत घरात असू शकतो.

कायद्याचंही सांगून टाकते. आपल्याकडचा अजगर, धामण किंवा मांडूळ घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. २०२४ मध्ये त्याचे नियमही आले, नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. भाच्याला हा साप परदेशी निघालेल्या एका सहकाऱ्याकडून मिळाला, तो हस्तांतराची नोंद करून. कागद नसतील तर साप घेऊ नये. आणि कंटाळा आला म्हणून वेताळ टेकडीवर सोडून तर मुळीच देऊ नये.

आता कातीकडे येते. मला खरं बोलायचं आहे ते तिच्याविषयीच.

आपली कातडीही झडते, पण कणाकणाने. उशीच्या अभ्र्यावर, कपाटावरच्या धुळीत आपल्याच मेलेल्या पेशी असतात. साधारण महिनाभरात आपला बाह्यत्वचेचा थर नवा होतो आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही. सापाचं तसं नाही. त्याच्या त्वचेतल्या पेशी बराच काळ विसावलेल्या असतात आणि मग एके दिवशी नाकापासून शेपटीपर्यंत सगळ्या एकदम कामाला लागतात. जुन्या त्वचेच्या खाली दुसरी संपूर्ण त्वचा तयार होऊ लागते. शास्त्रज्ञ या दोन थरांना बाहेरची पिढी आणि आतली पिढी म्हणतात, आणि मला हे नाव फार आवडतं.

प्रत्येक पिढीत थरांचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत वर एक अतिशय पातळ थर, ओबरहॉयट्खन; त्यावर सूक्ष्मदर्शकातूनच दिसतील अशा बारीक रेघा आणि दाते असतात. सापाच्या अंगावर उन्हात जी इंद्रधनुष्यी झाक दिसते ती या रेघांमुळे. त्याखाली बीटा थर, नखासारखा टणक. खवल्यांना ताठपणा देतो तो हा. मग मेसोस थर आणि त्याखाली लवचिक अल्फा थर. नव्या पिढीचं ओबरहॉयट्खन घडतं ते जुन्या पिढीच्या सर्वांत खालच्या थराला चिकटून, इतकं की नव्याचे दाते जुन्यात रुतलेले असतात. बॅगेच्या चेनचे दोन्ही भाग एकमेकांत अडकावेत तसे. हे बांधकाम पुरं झालं की मधल्या पेशी मरतात, दोन पिढ्यांमध्ये द्रव झिरपतो आणि चेन उघडते. साप फिका, दुधाळ दिसतो तो याच दिवसांत.

डोळे निळे होतात त्याचं कारणही हेच. सापाला पापण्यांची उघडझाप नाही. गर्भावस्थेतच त्या एकमेकींना जुळून पारदर्शक होतात आणि डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखी झाकणी तयार होते. ही झाकणी त्वचेचाच भाग असल्यामुळे कातीबरोबर तीही निघते आणि दोन थरांतला द्रव डोळ्यावरही साचतो. 'कात टाकताना साप आंधळा होतो' असं गावाकडे म्हणतात, त्यात बरंच तथ्य आहे. त्या तीन-चार दिवसांत त्याला धूसर दिसतं. म्हणून तो लपून बसतो आणि हात पुढे आला की दचकतो. या झाकणीत रक्तवाहिन्याही असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की समोर धोका वाटला की साप या वाहिन्या आकुंचित करतो, जेणेकरून नजरेच्या वाटेत रक्त येऊ नये. नवी झाकणी घडत असताना मात्र रक्त सतत वाहत राहतं.

मग तीन-चार दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवख्या माणसाला वाटतं, संपलं. पण कात अजून अंगावरच असते आणि ती निघते यानंतर काही दिवसांनी.

साप वाढतो आणि जुनी कातडी तंग होते म्हणून तो ती टाकतो, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. ते अर्धंच खरं आहे. वाढ जवळजवळ थांबलेले म्हातारे सापही कात टाकत राहतात आणि जखम झालेला साप नेहमीपेक्षा लवकर टाकतो. थायरॉइडचा संबंध तर उलटासुलटा आहे. सापाची थायरॉइड ग्रंथी काढली तर तो वारंवार कात टाकतो, पालींच्या कुळात मात्र ग्रंथी काढल्यावर कात टाकणं मंदावतं. एकाच गटातल्या दोन शाखांमध्ये एकच संप्रेरक विरुद्ध दिशांना काम करतं.

खवल्यांमुळे सापाच्या अंगातलं पाणी टिकतं, असाही समज होता. १९७२ साली अमेरिकेत जन्मतःच खवले नसलेल्या एका सापावर याची परीक्षा झाली. खवले असलेल्या आणि नसलेल्या सापाच्या अंगातून पाणी सारख्याच वेगाने उडत होतं! पाणी अडवतो तो मधला मेसोस थर, त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे. सापाने टाकलेल्या कातीतून १९८० साली संशोधकांनी हे स्निग्ध पदार्थ रसायनाने धुऊन काढले, तेव्हा तिच्यातून पाणी कित्येक पटींनी जास्त जाऊ लागलं. जिवंत सापाच्या अंगावरचं हे मेणकापड तसं उत्तम असतं. पण कात टाकायच्या काळात दोन पिढ्यांमधला तो द्रव फार मोलाचा. भोवतालची हवा कोरडी असेल तर जुना थर वाळून ताठ होतो, नव्याला जागोजागी चिकटतो आणि सबंध निघण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी निघतो. शेपटीच्या टोकाला त्याचं कडं राहिलं तर रक्त अडून टोक मरू शकतं.

कातीविषयी एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. कात तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो, तिची धुरी दिली की बाधा जाते, असं सांगून ती आजही विकली जाते, आणि मांडुळाला तर गुप्तधनाच्या नावाखाली लाखोंचा भाव सांगतात. त्यापायी किती मुके जीव पोत्यात कोंडले जातात, याचा मला मनापासून संताप येतो. कातीला किंमत आहेच, पण ती प्रयोगशाळेत. त्वचेवर लावायच्या औषधाचा किती अंश आत झिरपेल हे तपासण्यासाठी संशोधक माणसाच्या त्वचेऐवजी सापाची कात वापरतात, आणि तीही सापाला न दुखवता मिळते.

आता ते २८ टक्के. भाच्याचं म्हणणं, खोलीत तर ४० टक्के होती, मग पेटीत कमी कशी? पेटीत पाण्याचं भांडंही आहे. उत्तर तापमानात आहे. २६ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत वाफेच्या रूपात जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या आसपास पाणी राहू शकतं. ४० टक्के म्हणजे त्यातलं साधारण १० ग्रॅम. हीच हवा पेटीतल्या हीट मॅटने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईने, ३२ अंशांपर्यंत तापली की तिची क्षमता ३४ ग्रॅमपर्यंत जाते. पाणी तेवढंच, १० ग्रॅम. म्हणजे आर्द्रता २९ टक्के. हवेतून थेंबभर पाणी न जाता ती कोरडी झाली. जाळीच्या झाकणातून ही गरम हवा वर निघून जाते, म्हणून लहान भांड्याचा तिच्यापुढे निभाव लागत नाही. थंडीतही तीच गत. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तरी ती हवा ३२ अंशांना नेली की २५ टक्क्यांवर येते.

उष्णता कमी करून चालत नाही. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२७ हवी, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. मॅटला थर्मोस्टॅट हवाच. तो नसल्यामुळे पोट भाजलेले साप मी पाहिले आहेत. आर्द्रता एरवी ५५ ते ६५ टक्के, कातीच्या दिवसांत थोडी जास्त.

म्हणून दिवसातून चार वेळा फवारा मारायचा का? नको. अर्ध्या तासात तो वाळतो आणि आधीच बिथरलेल्या सापाला त्रास तेवढा होतो. सतत ओल्या भुशावर ठेवलं तर पोटाच्या खवल्यांना कूज धरते. घानाच्या माळावरही कोरडा ऋतू असतो, सहाराकडून हरमॅटन वारे येतात तेव्हा हवा पुण्याच्या एप्रिलसारखीच रखरखीत होते. तिथला बॉल पायथन ते दिवस उंदरांच्या बिळात आणि वारुळात काढतो. वर माळ करपलेला, हातभर खाली माती दमट.

आपण द्यायचं ते हे बीळ. भाच्याला मी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यायला सांगितला, साप वेटोळं करून अंग टेकून बसेल एवढाच. मोठा डबा त्याला सुरक्षित वाटत नाही. बाजूला भोक पाडून कडा मेणबत्तीवर गुळगुळीत केली. आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, मुठीत आवळलं तर थेंब पडणार नाही इतपतच ओलं. डबा उबदार बाजूला. तळाशी नुसता कागद होता, तिथे तीन बोटं जाडीचा नारळाचा भुसा घातला आणि जाळीचं पाऊण झाकण प्लॅस्टिकच्या जाड कागदाने झाकलं. दुसऱ्या दिवशी पेटीत ५८ टक्के आणि डब्यात ९० च्या पुढे. रात्री साप स्वतःहून त्यात जाऊन बसला.

सहा दिवसांनी पहाटे तो नाक लाकडाच्या ओंडक्यावर घासू लागला. मी त्या दिवशी तिथेच मुक्कामाला होते. ओठांची कड सुटली, डोक्यावरची कात मागे वळली आणि मग पायमोजा उलटा काढावा तसा तो तिच्यातून पुढे सरकत गेला. पंधरा-वीस मिनिटांत नव्या कोऱ्या अंगाने बाहेर. मागे राहिलेली कात ओलसर, मऊ, जवळजवळ रंगहीन, कारण रंगाच्या बहुतेक पेशी खालच्या थरात, सापाकडेच राहतात. साप भरला तीन फूट चार इंच आणि कात चार फूट. खवल्यांमधली घडी घातलेली कातडीही उलगडते, म्हणून ती नेहमी सापापेक्षा लांब असते. गावात मोठ्या सापांच्या ज्या गोष्टी ऐकतो, त्यांतले दोन-तीन फूट अशा कातीनेच वाढवलेले असावेत.

आम्ही ती उजेडात धरली. वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांची रांगसुद्धा कातीत जशीच्या तशी उमटली होती. शेपटीचं टोक पूर्ण. डोळ्यांच्या दोन्ही झाकण्या गोल, भिंगासारख्या, शाबूत. ही तपासणी दर वेळी करायची. झाकणी डोळ्यावर राहिली असेल तर चिमट्याने ओढायची नाही, खालची नवी झाकणी फाटून डोळा जाऊ शकतो. सापाला कोमट ओल्या टॉवेलमधून सावकाश सरकू द्यायचं, पुढच्या कातीपर्यंत आर्द्रता सांभाळायची आणि तेव्हाही निघाली नाही तर साप हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे जायचं.

दोन दिवसांनी त्याने उंदीर खाल्ला. भाच्याने वहीत कातीची तारीख लिहिली आहे. पुढची दोन महिन्यांनी धरली तर जूनमध्ये येईल, पाऊस सुरू झाल्यावर. तेव्हा हवेतच ८०-८५ टक्के आर्द्रता असेल. झाकणावरचा प्लॅस्टिकचा कागद काढून ठेवायचा, भुसा दर आठवड्याला उपसून पाहायचा आणि बुरशीचा वास आला की त्याच दिवशी बदलायचा.